गप्प बसलेलं मूल काय करत असतं? इंग्रजी वर्गातला जपानी विद्यार्थी

आजचा विषय ऐकायला अरुंद वाटेल. जपानी बोलणारं एक मूल इंग्रजीत चालणाऱ्या वर्गात येऊन बसतं, त्याला तिथं रुळायला आपण काय मदत करायची? अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथल्या अनेक शाळांना हा प्रश्न नेहमीचा आहे, आणि तिथं शिकवणारे मराठी शिक्षकही आता कमी नाहीत. पुणे-चाकण पट्ट्यात जपानी कंपन्या आल्यापासून पुण्यातल्या काही शाळांनाही तो परका राहिलेला नाही.

आधी हे मूल कोण, ते बघू. बहुतेक वेळा आईची किंवा वडिलांची बदली झालेली असते. कंपनी काही वर्षांसाठी पाठवते आणि मग परत बोलावून घेते. म्हणजे हे मूल इथं कायमचं राहायला आलेलं नाही. त्याला इंग्रजीत शिकायचंय, आणि परत गेल्यावर आपल्या वयाच्या जपानी मुलांच्या बरोबरीनं बसता येईल इतकं जपानीही टिकवायचंय. शिक्षकाला यातलं अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं घरी, रात्री आणि शनिवारी चाललेलं असतं. त्याकडे नंतर येतो.

वर्गात हे मूल त्रास देत नाही. वेळेवर येतं, वही नीटनेटकी ठेवतं, फळ्यावरचं सगळं उतरवून घेतं आणि बोलत नाही. पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात असं मूल शिक्षकाच्या नजरेतून सहज निसटतं. सहा महिन्यांनी प्रगतिपुस्तकात शेरा येतो : शांत आहे, गुणी आहे. नाही तर उलटा निष्कर्ष निघतो, की याला काही येत नाही, याला खालच्या गटात टाका. माझं म्हणणं असं आहे की हे दोन्ही शेरे एकाच चुकीतून येतात. गप्प बसलेल्या मुलाच्या डोक्यात काहीच चाललेलं नाही, असं आपण धरून चालतो.

यासाठी एक खरा अभ्यास सांगतो. केंजी हाकुता नावाचे भाषाशास्त्रज्ञ आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, हार्वर्डमध्ये असताना, त्यांनी अमेरिकेत आलेल्या एका पाच वर्षांच्या जपानी मुलीची इंग्रजी कशी घडते याची नोंद ठेवली. अभ्यासात तिचं खरं नाव दिलेलं नाही. तिला नाव दिलं ‘उगुइसु’. हा जपानमधला एक गाणारा पक्षी. आणि या गाणाऱ्या पक्ष्यानं पहिले काही महिने इंग्रजीत जवळजवळ तोंडच उघडलं नाही. बालवाडीत जात होती, शेजारच्या मुलांमध्ये खेळत होती, पण बोलणं नाही. मग बोलायला लागली, आणि लागली ती एकदम.

हाकुतांना यात जे सापडलं ते शिक्षकाच्या फार कामाचं आहे. ही मुलगी एकेक शब्द जुळवून वाक्यं करत नव्हती. तिनं कानावर पडलेले अख्खे तुकडे उचलले होते. ‘डू यू’ हा तिच्या लेखी एकच सलग शब्द होता. ‘हाऊ टू’ हा दुसरा. त्यांच्या आत काय व्याकरण आहे याची तिला कल्पना नव्हती. ती ते तुकडे तसेच्या तसे वापरत होती, त्यामुळे काही ठिकाणी वाक्य अगदी बरोबर यायचं आणि काही ठिकाणी विचित्र व्हायचं. पुढे हळूहळू तिनं ते तुकडे आतून उकलले आणि त्यांतला नियम तिला सापडत गेला. आपण घर बांधताना आधी पाया घालतो. इथं भिंती, दारं, खिडक्या आयत्या आणल्या आणि पाया मागून भरला.

म्हणजे त्या गप्प महिन्यांत काय चाललं होतं? साठवण चालली होती. स्टीफन क्रॅशन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या काळाला ‘मौनकाळ’ म्हटलंय. लहान मुलांत तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो. प्रत्येक मूल त्यातून जातंच असं नाही, आणि मौन फारच लांबलं, मूल घरी जपानीतही बोलेनासं झालं, तर मात्र वेगळी तपासणी करावी. पण एरवी या काळात “बोल ना, बोल ना” म्हणून मागे लागणं म्हणजे पेरलेलं बी रोज उकरून बघण्यासारखं आहे.

आता इथं एक लबाडी होते, ती सांगितली पाहिजे. “जपानी माणसं मुळातच अबोल, त्यांची संस्कृतीच तशी,” असं म्हणून शिक्षक मोकळा होतो. जपानमधल्या प्राथमिक शाळेचा वर्ग ज्यानं पाहिलाय तो असं म्हणणार नाही. पहिली-दुसरीतली मुलं हात उंच करून “हाय! हाय!” असं ओरडत असतात. ‘हाय’ म्हणजे हो, हजर, मी सांगतो. त्यातली काही जागेवरून अर्धी उठलेली असतात. वरच्या इयत्तांत हे कमी होतं हे खरं. पण तुमच्या वर्गात गप्प बसलेलं ते आठ वर्षांचं मूल कदाचित आपल्या गावच्या शाळेत सगळ्यांत बडबडं असेल. ते मुळात अबोल नाही, इथं येऊन ते अबोल झालंय. म्हणून त्याला बोलता येईल अशी परिस्थिती तयार करणं हे शिक्षकाचं काम राहतं, संस्कृतीचं नाव सांगून ते टळत नाही.

ही परिस्थिती कशी करायची? पहिली गोष्ट, थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. ही मुलं तर इंग्रजी घरचीच होती. आपल्या जपानी मुलाला प्रश्न ऐकायचाय, तो जपानीत वळवायचाय, उत्तर शोधायचंय, ते इंग्रजीत आणायचंय, मग जीभ वळवायचीय. तोवर शेजारचा पोरगा उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. त्यापेक्षा उद्याचा एक प्रश्न आज चिठ्ठीवर लिहून द्या. “उद्या मी तुला हा विचारणार आहे.” घरी आई, शब्दकोश आणि आरसा यांच्या मदतीनं ते मूल एक वाक्य घोटून आणेल. ते एक वाक्य वर्गात म्हटलं गेलं की पुढची वाट मोकळी होते.

दुसरी गोष्ट, “समजलं का?” हा प्रश्न सोडून द्या. त्याला उत्तर ‘यस’ असंच येणार. जपानी संभाषणात ऐकणारा सतत “हाय, हाय” म्हणत असतो. आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो ना, “हं… हं…”, तसंच. हुंकार म्हणजे ऐकतोय. पटलं किंवा कळलं असा त्याचा अर्थ नसतो. तो हुंकार इंग्रजीत ‘यस’ होऊन बाहेर पडतो आणि शिक्षकाला वाटतं, समजलं! नकारार्थी प्रश्न तर आणखी घोटाळ्याचे. “तुझ्याकडे पुस्तक नाहीये का?” याला जपानी मूल म्हणेल ‘यस’, म्हणजे हो, बरोबर, नाहीये. मराठीतही आपण “हो, नाहीये” म्हणतोच की. इंग्रजीत मात्र तिथं ‘नो’ लागतं. म्हणून विचारण्यापेक्षा करून दाखवायला सांगा. “कुठल्या पानावर आहोत? बोट ठेव.” “यातलं आधी काय करायचं?” ‘अ’ की ‘ब’ असा पर्याय द्या, चित्र काढू द्या.

आता थोडं उच्चारांविषयी, कारण इथं मराठी शिक्षकाला एक सोय आहे. आपल्याला व्यंजनाचा पाय मोडता येतो. जपानीच्या काना लिपीत पाय मोडायची सोयच नाही. एका ‘न्’ सारख्या अनुनासिकाखेरीज जवळपास प्रत्येक अक्षर स्वरान्त. त्यामुळे इंग्रजी शब्द जपानीत गेला की त्याच्या प्रत्येक व्यंजनाला स्वराचा पाय फुटतो. ‘मिल्क’चं होतं ‘मिरुकु’. ‘डेस्क’चं ‘देसुकु’. ‘स्ट्राइक’ हा इंग्रजीत एका झटक्यात संपणारा शब्द जपानीत ‘सु-तो-रा-इ-कु’ असा पाच ठोक्यांचा होतो. शिवाय ‘र’ आणि ‘ल’ हे तिथं वेगळे ध्वनी नाहीत, ‘व्ही’चा ‘ब’ होतो, आणि ‘थँक यू’चं ‘सांक्यू’. मूल चुकीचा शब्द बोलतंय असं नसतं. शब्द बरोबर असतो, फक्त जपानी ठेक्यात आलेला असतो. एवढं कळलं की शिक्षकाचा कान तयार होतो आणि “काय? काय म्हणालास?” हे चारचौघांत विचारणं थांबतं.

जाता जाता : जपानी वर्णमालेचा क्रम म्हणून बघा. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णविचार चीनमार्गे जपानला पोहोचला, त्याची ही खूण. ‘ना’ आणि ‘मा’ यांच्यामध्ये ‘हा’ कसा आला? तर त्या जागी जुन्या काळी ‘प’ होता, आणि पुढे उच्चार बदलला. मराठी शिक्षकानं हा क्रम म्हणून दाखवला तर त्या मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते एकदा बघाच.

आणि नाव! समजा, मुलाचं नाव ऱ्योता आहे. ‘वाऱ्यावर’ लिहिणाऱ्या आपल्याला यात काही कठीण नाही, पण इंग्रजी वर्गात त्याचं ‘रायोटा’ होतं, मग ‘राय’, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, “तुला रॉय म्हणू का?” मूल ‘यस’ म्हणतं. तो हुंकार आहे हे आता तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच दिवशी आई-वडिलांकडून नाव म्हणून घ्या, आपल्या लिपीत लिहून ठेवा, वर्गाकडून दोनदा म्हणवून घ्या. जपानी शाळेत बहुधा आडनावाला ‘सान’ किंवा ‘कुन’ जोडून हाक मारतात, त्यामुळे पहिल्या नावानं हाक हाच एक धक्का असतो. आणि मूल तुम्हाला नुसतं ‘टीचर’ म्हणून हाक मारेल. ते उद्धट नाही. ते ‘सेन्सेइ’चं भाषांतर करतंय.

जपानीत जपानी कपडे घालून बसलेले इंग्रजी शब्दही खूप आहेत, आणि ते फसवतात. मूल सांगतं, “आम्ही मॅन्शनमध्ये राहतो.” वर्ग थक्क होतो. जपानीत ‘मान्शोन’ म्हणजे साधी फ्लॅटची इमारत. (हशा) ‘सुमातो’, म्हणजे स्मार्ट, याचा तिथला अर्थ सडपातळ. आणि ‘कान्निंगु’, म्हणजे कनिंग, याचा अर्थ परीक्षेतली कॉपी. आपणही कॉपीला ‘कॉपी’च म्हणतो आणि इंग्रज त्याला ‘चीटिंग’ म्हणतो, तेव्हा यात हसण्यासारखं फार नाही.

व्याकरणाचं थोडक्यात. जपानीची वाक्यरचना आपल्यासारखी, क्रियापद शेवटी. ‘वाताशि वा पान ओ ताबेरु’, मी पाव खातो. (त्यातला ‘पान’ आणि आपला ‘पाव’ दोघेही पोर्तुगीजांकडून आलेले.) ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं नाहीत, आपल्याकडेही नाहीत. अनेकवचन दाखवायची सक्ती नाही. कर्ता कळत असेल तर तो गाळतात. आपणही “घरी गेलो” म्हणतो, पण आपल्या क्रियापदात ‘मी’ लपलेला असतो. जपानी क्रियापदात तोही नसतो. त्यामुळे मुलाच्या निबंधात ‘वेंट होम’ असं येतं. अशा निबंधावर लाल शाईचा सडा घालू नका. एका वेळी एकच गोष्ट धरा, आणि आधी मजकुराला दाद द्या.

लाल शाईवरून आठवलं. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल करतात. आपण किंवा इंग्रज शिक्षक ज्याला बरोबरची टिक म्हणतो, ती खूण तिथं बहुधा चुकीच्या उत्तरावर पडते. आता कल्पना करा. मुलानं वीस गणितं सोडवली, वीसही बरोबर, आणि वही परत आली ती वीस टिकांनी भरून. त्या मुलाला वाटतं, सगळं चुकलं. हे ते कुणाला सांगणार? कुठल्या भाषेत? इतकी बारीक गोष्ट, पण पहिल्या आठवड्यात ती मूल मोडू शकते. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही खुणा काढून दाखवल्या की काम झालं, नाही तर सरळ गोल करायला लागा.

गणित हा बहुतेक वेळा या मुलाचा गड असतो. दुसरीत ‘कुकु’, म्हणजे नऊपर्यंतचे पाढे, म्हणून घेतलेले असतात, अगदी आपल्यासारखे चालीवर. फळ्यावरची आकडेमोड त्याच्याकडून करवून घ्या. भाषेशिवाय हुशारी दिसण्याची ही एकच जागा असू शकते आणि वर्गानं ती बघणं गरजेचं आहे. शाब्दिक उदाहरणं मात्र अडतात, ती गणितामुळे नाही. मोठ्या संख्याही अडतात. जपानी मोजणी दहा हजारांच्या टप्प्यानं चालते, दहा हजार म्हणजे एक ‘मान’. इंग्रजी मिलियन म्हणजे आपले दहा लाख आणि त्यांचे शंभर मान. लाख-कोटीतून मिलियन-बिलियनमध्ये गेलेल्या माणसाला ही कसरत सांगायला नको.

आता जेवणाची सुट्टी. माझ्या मते पहिल्या महिन्यातला सगळ्यांत कठीण तास हाच. जपानी प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण वर्गातच होतं. पाळी असलेली मुलं पांढरे एप्रन घालून सगळ्यांना वाढतात, सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ, शिक्षकही तिथंच बसतो, सगळे मिळून ‘इतादाकिमास’ म्हणतात आणि जेवतात. कुठं बसायचं हा प्रश्नच नसतो. तिथून उठून हे मूल अमेरिकन शाळेच्या भल्या मोठ्या कॅफेटेरियात हातात डबा घेऊन उभं राहतं. दोनशे मुलं, प्रचंड आवाज, आणि प्रत्येक टेबल कुणाचं तरी. डब्यात काळ्या समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भाताचा गोळा, ओनिगिरि. शेजारचं कुणी “ई” म्हणालं की दुसऱ्या दिवसापासून डबा परत जातो. परदेशात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांनी भेंडीची भाजी अशीच परत नेलेली आहे, म्हणून हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. शिक्षकानं पहिल्या दिवशीच दोन-तीन मुलांना सांगून ठेवावं, हा तुमच्या टेबलावर बसणार. एकाच मुलावर ही जबाबदारी टाकू नका. ते दोन आठवड्यांत कंटाळतं, आणि त्याचा कंटाळा नव्या मुलाला बरोबर कळतो. पाळी लावा. वर्गात दुसरं जपानी मूल असेल तर त्या दोघांना जपानीत बोलू द्या, पण त्याला दिवसभराचा फुकट दुभाषा करू नका.

जेवण वाढण्याच्या पाळीवरून पुढचा मुद्दा निघतो. जपानी शाळेत मूल रोज काहीतरी काम करतं. वर्ग झाडणं, फरशी पुसणं, दिवसाच्या पाळीला ‘निच्चोकु’ म्हणून वर्गाला उठा-बसा सांगणं. तिथं ते कुणीतरी असतं. इथं आल्यावर सगळे त्याला मदत करतात आणि त्याच्याकडून कुणी काही मागत नाही. मदत घेत राहणं किती थकवतं, हे मदत करणाऱ्याला कळत नाही. त्याला काम द्या. वह्या वाटणं, फळा पुसणं, झाडांना पाणी. या कामांना भाषा थोडी लागते, आणि जी लागते ती हाकुतांच्या उगुइसुला लागली तशीच, आयत्या तुकड्यांची. “हिअर यू आर.” “इज धिस युअर्स?” “माय टर्न.” “कॅन आय प्ले?” हे आठ-दहा तुकडे पहिल्या आठवड्यात मुद्दाम शिकवा. व्याकरण मागून येईल. मैदानावर जायला तिकीट मात्र आधी लागतं.

असे सहा-आठ महिने जातात, वर्षही जातं, आणि मूल मैदानावर फडाफडा इंग्रजी बोलायला लागतं. शिक्षक खूश, पालक खूश, शाळा म्हणते, झालं, आता जादा मदत नको. खरा घात इथं होतो. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला : गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकाची, कारणं देण्याची, तुलना करण्याची भाषा आपल्या वयाच्या इंग्रजी मुलांच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागतात. खेळताना समोरचं सगळं दिसत असतं. ‘बाष्पीभवन’ आणि ‘म्हणूनच’ असे शब्द मैदानावर सापडत नाहीत. मदत काढून घेतलेलं ते मूल चौथी-पाचवीच्या विज्ञानात अडखळतं, आणि तोवर “त्याला इंग्रजी येतं” असं ठरून गेलेलं असतं. मग उरतो एकच निष्कर्ष, मूल मंद आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये लाऊ विरुद्ध निकोल्स या खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या चिनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. बाक तेच, पुस्तक तेच, शिक्षक तोच, पण भाषा कळत नाही, तर ती समान वागणूक नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. जपानी मुलाच्या बाबतीतही हेच आहे, फक्त त्याच्यासाठी कोर्टात सहसा कुणी जात नाही, कारण दोन-तीन वर्षांत ते कुटुंब निघून जातं.

वयानुसार फरक पडतो. सहा वर्षांचं मूल मैदानावर लवकर मिसळतं. बारा वर्षांच्या मुलाला मिसळणं जड जातं, पण त्याला प्रकाशसंश्लेषण जपानीत येत असतं. त्याला फक्त नवं नाव हवं. त्याला जपानीत टिपणं काढू द्या, धडा आधी जपानीत वाचून येऊ द्या. हे ‘इंग्रजी टाळणं’ नाही. जे एका भाषेत समजलंय ते दुसऱ्या भाषेत नेणं सोपं असतं.

आता सुरुवातीला म्हटलेलं ते न दिसणारं अर्धं. जपानी प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलाला १०२६ कांजी शिकायच्या असतात. पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००. दोन वर्षं बाहेर राहिलं की तेवढी चित्राक्षरं मागे पडतात. म्हणून जगातल्या अनेक शहरांत जपानी मुलांसाठी शनिवारच्या पूरक शाळा चालतात, आणि सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या मुलांना जपान सरकार परदेशातही पाठ्यपुस्तकं फुकट पुरवतं. पाच दिवस इंग्रजी, सहाव्या दिवशी जपानी. सोमवारी ते मूल पेंगत असेल तर ते आळशी नाही. शनिवार-रविवारी मोठा गृहपाठ देण्याआधी हे लक्षात असू द्या.

भाषा न टिकवल्यास काय होतं, याचं उदाहरण हल्ली जपानच्या नोटेवर छापलेलं आहे. २०२४ पासूनच्या पाच हजार येनच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. १८७१ च्या डिसेंबरात इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला पाठवल्या, त्यांतली ही सगळ्यांत धाकटी, सहा वर्षांची. वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाऊनमध्ये लॅनमन दांपत्याकडे ती वाढली. १८८२ मध्ये परतली तेव्हा मातृभाषा विसरलेली होती. ती पुन्हा शिकावी लागली. पुढे १९०० मध्ये त्यांनी तोक्योत मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली, आजचं त्सुदा विद्यापीठ. कर्तबगारी मोठीच, पण स्वतःच्या घरात परकं होण्याची किंमतही मोठी होती. याउलट आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला १८८५ चा फोटो आठवा. त्यात त्यांच्याबरोबर ओकामी केइको नावाची जपानी विद्यार्थिनी आहे. या दोघी मोठेपणी, आपापल्या भाषा पक्क्या घेऊन इंग्रजी वर्गात बसल्या होत्या. लहान मुलाकडे तो पक्केपणा नसतो. तो मोठ्यांनी सांभाळायचा असतो.

इथं थांबतो. चिठ्ठ्यांवर दोन प्रश्न आलेत.

पहिला : शाळा पालकांना सांगते की घरीही इंग्रजीच बोला, म्हणजे लवकर येईल. हे बरोबर आहे का? नाही. ज्या भाषेत आईला रागावता येतं, गोष्ट सांगता येते, दिवस कसा गेला हे विचारता येतं, तीच घरची भाषा. अर्धवट इंग्रजीत घर चालवलं तर मुलाला इंग्रजीही अर्धवटच मिळते आणि आई हातची जाते. शाळेनं पालकांना उलट सांगावं, जपानीत भरपूर वाचून दाखवा. आणखी एक, पालकसभेत जपानी पालक मान डोलावतील, हसतील, “यस” म्हणतील. पुन्हा तोच हुंकार. महत्त्वाचं सगळं लिहून द्या, म्हणजे ते घरी शांतपणे वाचू शकतात.

दुसरा : भाषांतराचं ऍप वर्गात वापरू द्यावं का? मोठ्या मुलांना जरूर, धडा समजून घ्यायला, आणि आजारी पडलं, घाबरलं, भांडण झालं तर कुणालाही. पण मुलाला स्वतःचं वाक्य म्हणायचं असेल तेव्हा फोन मध्ये आणू नका, कितीही वेळ लागला तरी. आणि ऍपवर जपानीत बोलताना वाक्यं छोटी ठेवा, कर्ता स्पष्ट बोला. नाही तर कर्ता गाळलेल्या जपानी वाक्यात ऍप स्वतःच ‘मी’ किंवा ‘तो’ घालून देतं, आणि कुणी कुणाला ढकललं हेच उलटं होऊन बसतं.